आई आत हाय

टॉर्च बंद कर रे अथर्व, सेल कशाला जाळतोस? गच्चीवर बसलोय आपण, विहिरीत नाही. आणि प्रणित, तू आधी त्या कठड्यावरून खाली उतर. भुताची गोष्ट ऐकायची हौस आहे ना, मग माणसासारखा चटईवर बस. रोशनीला मध्ये घ्या. ती घाबरत नाही म्हणते, पण मघापासून माझ्या सदऱ्याची बाही धरून बसली आहे.

आता जे सांगतो ते पेपरात आलेलं नाही. कुणाच्या मामाच्या मित्राचंही नाही. आपल्या याच बिल्डिंगमध्ये, इथे कळंबोलीत, दुसऱ्या मजल्यावर उदयसिंह राहायचा. पाच वर्षं झाली, ते कोल्हापूरला गेले. त्या रात्री गाडी मी चालवत होतो म्हणून अर्धं मला ठाऊक. उरलेलं त्याच्या बायकोने, सुनीतावहिनींनी सांगितलं, आणि थोडं दवाखान्यातल्या भीमाबाईने. तिघांचं बोलणं जुळतं. न जुळतं तर मी आज सुखाने झोपलो असतो.

अठ्ठावीस सप्टेंबर, चौऱ्याण्णव साल, बुधवार. पितृपक्षातली नवमी. प्लेग आठवतो ना तुम्हाला? तिकडे सुरतेत निघाला आणि इकडे अख्ख्या पनवेलने तोंडाला फडकी बांधली. मी तेव्हा एसटी चालवायचो. गाडीत कोणी शिंकलं की पुढच्या थांब्यावर अर्धी गाडी रिकामी. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या औषधालासुद्धा मिळेनात. आणि डॉक्टर? निम्मे डॉक्टर दाराला कुलूप लावून गावाला लग्नाला गेले. पितृपक्षात कुणाची लग्नं निघाली होती देव जाणे.

त्यातून आपण कळंबोलीचे. सुरतेचे सगळे ट्रक इथे येऊन थांबायचे आणि उदयसिंह नेमका ट्रान्सपोर्ट कंपनीत कामाला. लोक त्याच्याशी जिन्यात बोलेनासे झाले होते. मी बोलायचो, कारण मला तशी अक्कल कमीच.

तर त्या दिवशी माझी सुट्टी. सकाळी उदयसिंह आला आणि म्हणाला, "दादा, एक काम करता? कामोठ्याहून ठमाबाईंना स्कूटरवर घेऊन या. आज सवाष्ण जेवायला घालायची आहे."

तुमच्यातल्या शहाण्यांना अविधवा नवमी ठाऊक नसेल. नवरा जिवंत असताना जी बाई जाते, तिचं हे पान असतं. तिच्या नावाने एका सवाष्णीला बोलवायचं, पाटावर बसवायचं, साडी द्यायची, ओटी भरायची आणि पोटभर जेवू घालायचं. ती जेवली म्हणजे गेलेली जेवली.

उदयसिंहाची पहिली बायको कुमुद. बाळंतपण नीट झालं, मुलगा झाला, आणि बारशाच्या आदल्या दिवशी ती तापाने गेली. पाळणा सजवून ठेवलेला. पोराचं नाव काय ठेवलं हेसुद्धा तिला कळलं नाही. वर्षाने सुनीतावहिनी आल्या. त्यांना स्वतःचं मूल झालं नाही. पण सत्यजीतला त्यांनी असं वाढवलं की सख्खी आई काय वाढवेल. तो आजारी पडला की या जेवायच्या नाहीत. त्याला कळायच्या आधीपासून तो त्यांना आई म्हणायचा, आणि आपल्याला आणखी एक आई होती हे त्याला कुणीही सांगायचं नाही असा त्या घरचा कायदा होता.

कायदा वहिनींचा. कारण वहिनी जळायच्या. सरळ सांगतो. तशी बाई सोन्यासारखी, पण कुमुदचं नाव निघालं की चेहरा उतरलाच. भिंतीवरचा फोटो पहिल्याच महिन्यात पेटीत गेला. मग एकदा काय झालं, सत्या नुकताच वाचायला शिकला होता. जेवताना वाटी उलटी करून त्याने वाचलं, "सौ. कुमुद." विचारलं, "आई, कुमुद कोण?" पूर्वी भांड्यांवर नावं घालून घ्यायचे, तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी वहिनींनी भांडीवालीला बोलावून त्या घरातली नावाची झाडून सगळी भांडी मोडीत काढली. तांब्या, परात, फुलपात्री, सगळी. आमची ही म्हणाली, "अहो, मेलेल्या बाईशी कसली बरोबरी करायची?" मी म्हटलं, जिवंत सवत असती तर दोन शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. मेलेलीचं काय करणार? ती म्हातारी होत नाही, भांडत नाही, स्वयंपाक बिघडवत नाही. वहिनींना तेच सलायचं.

वर्षातून हा एक दिवस मात्र त्यांना टाळता यायचा नाही, कारण उदयसिंहाच्या गावाकडच्या आईचा धाक होता. मग सत्याला शाळेत पाठवून पान उरकायचं. विचारलंच तर "घरातल्या एका जुन्या बाईसाठी" म्हणून सांगायचं. आणि सवाष्ण दरवर्षीची ठरलेली, कामोठ्याची ठमाबाई. ती कुमुदला मासळी द्यायला यायची, तिचा फार जीव होता तिच्यावर.

मी कामोठ्याला गेलो. ठमाबाईने दार अर्धंच उघडलं. पदराने नाक धरलेलं.

"नाय भाऊ, आमी नाय येत यंदा. घरात बारकी पोरं हायत. तुमच्याकडं ते सुरतेचे टरक."

मी म्हटलं, "मग पानाचं काय करायचं?"

"गाईला घाला. पन रिकामा ठेवू नका." आणि मी किक मारत होतो तेवढ्यात तिने मागून हाक मारली. "भाऊ! सुनीतावहिनीला सांगा, सवतीचे पानावर सवतीनं बसायचा नाय. आठवनीनं सांगा."

सांगितलं मी. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून शब्दन्‌शब्द सांगितलं. वहिनी खीर ढवळत होत्या. त्या हसल्या. म्हणाल्या, "भाऊजी, या प्लेगात गाय कुठे शोधत फिरू? आणि ही नवी साडी काय कपाटात कुजवायची?" साडी हिरवी होती, बारीक बुट्टीची, चांगली चापूनचोपून घडी घातलेली. उदयसिंहाने स्वतः आणली होती. वहिनींचा हात तिच्यावरून असा फिरला, की मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्यांच्यासाठी त्याने अशी साडी कधी आणली नसावी.

दुपारी मी उदयसिंहाकडे त्याच्या स्कूटरची चावी परत द्यायला गेलो तर काय? प्लेगामुळे शाळा बंद, म्हणून सत्या घरीच. पाटावर वहिनी बसलेल्या. अंगावर तीच साडी. पुढे पान वाढलेलं, रांगोळी, उदबत्ती. आणि सत्या त्यांना कुंकू लावत होता. त्याच्याच हाताने त्यांनी ओटी भरून घेतली आणि म्हणाल्या, "आता म्हण, आई, पोटभर जेव."

"आई, पोटभर जेव," पोरगं म्हणालं.

उदयसिंह खिडकीतून बाहेर बघत होता. रोशनी, नवरे असेच असतात, लक्षात ठेव.

वहिनी त्या पानावरचा शेवटचा घास संपेपर्यंत जेवल्या. नंतर मला म्हणाल्या, "त्या दिवशी मला वाटलं भाऊजी, आता काही उरलं नाही तिचं. सगळं माझं झालं."

संध्याकाळी सत्याचं पोट दुखायला लागलं.

आधी बेंबीपाशी. वडे जास्त झाले असतील म्हणून वहिनींनी ओवा चावायला दिला. मग उलटी, मग ताप. अंधार पडेपर्यंत दुखणं खाली उजवीकडे सरकलं आणि पोराला पाय सरळ करता येईना. गुडघा पोटाशी घेऊन नुसतं कण्हत होतं. नऊ वर्षांचं पोर, चौथीतलं. बिल्डिंगमध्ये बातमी कशी पसरते तुम्हाला माहीत आहे. ताप आहे, जांघेपाशी दुखतंय, बाप ट्रकवाल्यांत काम करतो. झालं! प्लेगाची गाठ जांघेतच येते हे तेवढ्यात सगळ्यांना पाठ झालं होतं. खालपासून वरपर्यंत दारं लागली. कड्या सरकवल्याचे आवाज मी जिन्यातून मोजू शकलो असतो.

रिक्षावाले थांबेनात. शेवटी कंपनीची मेटॅडोर काढली. तिचा ड्रायव्हर गावाला पळालेला. मी चालवायला बसलो. मागे गोधडीवर सत्या, त्याचं डोकं वहिनींच्या मांडीवर, शेजारी उदयसिंह. प्रत्येक खड्ड्याला पोरगं किंचाळायचं. एवढी वर्षं एसटी चालवली, पण त्या रात्रीइतकी हळू गाडी मी कधी चालवली नाही.

पहिल्या दवाखान्यात वॉचमननेच विचारलं, "ताप आहे? कुठून आले?" कळंबोली म्हटल्यावर त्याने फाटक लावून घेतलं. दुसरीकडे डॉक्टर गॅलरीत आले, वरूनच हात हलवून "मुंबईला न्या" म्हणाले आणि आत गेले. मुंबईला! वाटेतच पोर जायचं.

मग पनवेलात वडाळे तळ्याच्या अंगाला एक दिवा दिसला. दुकानांच्या वर एक छोटंसं नर्सिंग होम होतं तेव्हा, आता नाही. डॉक्टर चारुदत्त म्हणून तरुण सर्जन. बायकोला आणि तान्ह्या मुलीला त्याने साताऱ्याला पाठवलं होतं आणि स्वतः मात्र थांबला होता. त्याने पोराला टेबलावर घेतलं, शर्ट वर केला. जांघेत चाचपलं, मग पोटावर बोटं हळू दाबली आणि एकदम सोडली. सोडल्यावर सत्या ओरडला.

"गाठबीठ काही नाही. अपेंडिक्स आहे," डॉक्टर म्हणाला. "फुटायच्या बेतात आहे, नाहीतर फुटलंय. आत्ता उघडावं लागेल."

उदयसिंह तिथेच रडायला लागला. आनंदाने, बरं का. पोराचं पोट फाडायचं आहे म्हणून बाप आनंदाने रडला, असा तो काळ.

भूल देणारे डॉक्टर यायला तयार नव्हते. चारुदत्तने फोनवर त्यांच्या हातापाया पडून आणलं. ते आले ते तोंडावर तीन फडकी बांधून. आणि ऑपरेशन झालं. फुटलंच होतं. पण वेळेत धुऊन काढलं.

आता त्या दवाखान्याचा नियम ऐका. प्लेगामुळे पेशंटजवळ एकच माणूस. तेही बाईमाणूस. तोंडावर फडकं, आणि ते काढायचं नाही. बाप्यांनी खाली जिन्याच्या पायरीवर बसायचं. हे सगळं बघायला खोलीच्या दाराशी भीमाबाई, स्टूल टाकून. ओवे गावची आगरी बाई, अंगाने दणकट. तिच्यापुढे डॉक्टरचंही चालायचं नाही.

आणखी एक. पोराला पाण्याचा थेंब द्यायचा नाही. डॉक्टरने वहिनींना तीनदा बजावलं. आतडं अजून झोपलेलं आहे, मी सांगेपर्यंत तोंडाला काही लावायचं नाही. पाणी मागेल, रडेल, तरी नाही. मग तो शेजारच्या खोलीत पाठ टेकायला गेला.

बारा वाजून गेले होते. सत्या गुंगीत होता, सलाईन लावलेली. वहिनी भीमाबाईला म्हणाल्या, "मी खाली ह्यांना सांगून येते." खाली आल्या, आम्हाला म्हणाल्या, "झालं नीट. झोपलाय." पाणी प्यायल्या. फडकं परत नीट बांधलं. आणि वर गेल्या.

जिना एकच. आम्ही दोघं पायरीवर. आमच्या मधून वहिनींशिवाय कोणी वर गेलं नाही. हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

वर गेल्या तर दार लावलेलं, आणि भीमाबाई आडवी.

"कुठं चालल्या?"

"आत. मुलाजवळ."

"एकच बाई आत. डाक्टरांनी सांगलाय."

"अगं हो, मीच ती. मी त्याची आई."

भीमाबाई म्हणाली, "आई आत हाय."

वहिनींना वाटलं, बाई झोपेत आहे. म्हणाल्या, "मघाशी तूच नाही का मला खाली सोडलंस?"

"सोडला ना. आनि तुमी लगेच परत आल्या. माझ्यासमोरून आत गेल्या. हिरवा लुगडा, फडका बांधलेला. मीच दार लोटला मागून." ती थांबली. वहिनींकडे वरपासून खालपर्यंत बघितलं तिने. हिरवी साडी. बारीक बुट्टी. फडकं.

"मग तुमी कोन?" भीमाबाईने विचारलं.



भीमाबाईने मान वळवून दाराकडे बघितलं. मग ती हळूच स्टूलवरून उठली. आणि बाजूला झाली.

दाराला वर काचेचा चौकोन होता. वहिनींनी त्यातून बघितलं.

खाटेवर एक बाई बसलेली. पाठमोरी. हिरवी साडी, तीच बुट्टी, तोच काठ. सत्याचं डोकं तिच्या मांडीवर. ती त्याला थोपटत होती. अगदी हळू.

आणि ते फडकं...

ते तोंडावर नव्हतं. डोक्यावरून, कानांवरून घेऊन हनुवटीखाली नेलेलं. वारा लागू नये म्हणून बाळंतीण बांधते ना, तसं.

दाराच्या फटीतून वास येत होता. डेटॉलचा नाही. ओवा आणि शेपाच्या धुरीचा. भीमाबाईलाही आला. बाळंतिणीच्या खोलीत येतो तो.

मी वहिनींना विचारलं होतं, तुम्ही घाबरला नाहीत? त्या म्हणाल्या, "भीती नंतर वाटली भाऊजी. आधी राग आला. माझं पोर तिने मांडीवर घेतलं म्हणून अंगाचा भडका उडाला. वाटलं, मेलीस तरी सोडत नाहीस?"

त्यांनी दार ढकललं. उघडेना. त्या दाराला आतून कडीच नव्हती, अथर्व. नियमच होता तसा. तरी उघडेना.

वहिनी दारावर हात आपटत ओरडल्या, "माझा आहे तो! सोड त्याला! माझा आहे!"

आत थोपटणं थांबलं.

बाई वळली नाही. फक्त तिचा हात पोराच्या छातीवर राहिला. तसाच...

आणि सलाईनचा थेंब पडायचा थांबला.

वहिनी काचेला डोळा लावून बघत राहिल्या. थेंब नळीत लटकलेला. पडेना. पोराची छाती... वर आली होती. खाली जाईना.

भीमाबाई मागे भिंतीला टेकलेली. शेजारच्या खोलीत डॉक्टर. हाक मारली असती तर आला असता. पण तो येऊन काय करणार होता? पोट त्याने शिवलं होतं. हे दुसरंच होतं.

वहिनींना कळलं. त्या दुसऱ्यांदा ओरडल्या असत्या ना... तर संपलं होतं.

मग त्यांनी तोंडावरचं फडकं सोडलं. कपाळ दाराला टेकलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या नावाला ताई लावून बोलल्या.

"कुमुदताई."

आत काही नाही.

"त्याचं नाव सत्यजीत आहे. तुम्हाला... कोणी सांगितलं नसेल."

काही नाही.

"चित्रं छान काढतो. वांगं खात नाही." वहिनी रडत होत्या. "दुपारचं पान तुमचं होतं. मी जेवले. त्याच्या हातून मुद्दाम ओटी भरून घेतली. तुमचं काही उरू नये म्हणून. कुमुदताई, तो तुमचा आहे. मी मागाहून आलेली. मी सांगेन त्याला. तुमचं नाव सांगेन, फोटो दाखवेन. पण राहू द्या त्याला. माझ्याकडे नको तर नको... पण राहू द्या."

बराच वेळ...

मग थेंब पडला.

एक. मग दुसरा.

पोराची छाती खाली गेली.

आणि दार आपोआप आत गेलं. वहिनी त्याला टेकलेल्या, त्या तोल जाऊन आतच पडल्या. उठून बघतात तर खाटेवर सत्या एकटा. उशीवर डोकं. खोलीत दुसरं कोणी नाही. खिडकीला गज. धुरीचा वासही नाही, नुसतं डेटॉल.

त्यानंतर वहिनी खाटेजवळ जमिनीवर बसल्या त्या उजाडेपर्यंत. डोळ्याला डोळा लागला नाही. एक हात त्याच्या पायावर. भीमाबाईने दार सताड उघडं ठेवलं आणि उंबऱ्यात बसली, राम राम म्हणत. खोलीत कोणी आलं नाही, खोलीतून कोणी गेलं नाही. मांजरसुद्धा नाही. दोघींनी मला वेगवेगळं सांगितलं, आणि दोघींचं एकच.

सकाळी डॉक्टर आला. ताप उतरला होता. टाके बघितले, नाडी बघितली. एव्हाना आम्हालाही वर सोडलं होतं, लांब उभं राहायच्या बोलीवर. डॉक्टर खूश होता. वहिनींना म्हणाला, "रात्रभर पाणी पाणी करून छळलं असेल ना तुम्हाला? मोठी माणसंही रडतात."

"नाही," वहिनी म्हणाल्या. "एकदाही नाही मागितलं."

"असं कसं होईल?" तो म्हणाला आणि पोराच्या तोंडाशी वाकला. वाकला तो तसाच राहिला. मग त्याचा आवाज चढला. "याला दूध कोणी पाजलं?"

उदयसिंहाने वहिनींकडे बघितलं.

"मी काय सांगितलं होतं? थेंब द्यायचा नाही! कोणी पाजलं?"

सत्याच्या ओठाच्या कोपऱ्यात पांढरं होतं. हनुवटीवरून ओघळून मानेपर्यंत आलेलं, अजून ओलं. भीमाबाई म्हणाली, "डाक्टर, चार दिस झाले दूधवाला येत नाय. चहा कोरा पितो आपून. दूध येनार कुठून?"

डॉक्टरने कापसाचा बोळा घेऊन ते पुसलं. नाकाशी नेलं. आणि त्याचा राग कुठल्या कुठे गेला. त्याची तान्ही मुलगी साताऱ्याला होती, सांगितलं ना मघाशी. त्याला तो वास घरचा होता. त्याने भीमाबाईला हलक्या आवाजात विचारलं, "आपल्याकडे सध्या कोणी बाळंतीण आहे का?"

"नाय. या अख्ख्या महिन्यात नाय."

तो बोळा वहिनींनी त्याच्या हातातून घेतला. त्यांनीही वास घेतला. त्यांना तो ओळखू यायचं कारणच नव्हतं. पण डॉक्टरच्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं. मी त्यांच्या समोरच उभा होतो. त्या घाबरल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांत तेच आलं, जे भांड्यावरचं नाव बघून यायचं. पोर जगलं होतं, हातीपायी धड परत मिळालं होतं, आणि तरीसुद्धा. मला म्हणाल्या, "भाऊजी, आठ वर्षं मी याला सगळं दिलं. हे एक मला कुठून देता आलं असतं?"



सत्या झोपलेलाच होता. आणि झोपेत, एवढा नऊ वर्षांचा घोडा, ओठांचा चंबू करून चुटूचुटू काहीतरी ओढत होता.